वेड पांघरून परीक्षेला

पेडगावचे नाव निघाले की मराठी माणसाच्या जिभेवर एक वाक्प्रचार आपोआप येतो. वेड पांघरून पेडगावला जाणे! सारे काही ठाऊक असताना काहीच ठाऊक नसल्याचा आव आणणे, हा त्याचा अर्थ शाळकरी पोरालाही पाठ असतो. हा वाक्प्रचार ज्या पेडगावाशी जोडला जातो ते भीमेच्या काठचे, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदे तालुक्यातले. तेथे मोगल सुभेदार बहादूरखान तळ देऊन बसला होता. १६७४ साली, राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्याला हूल दिली आणि तळ लुटला, अशी हकीकत सांगतात.

आज मला ज्या पेडगावाविषयी बोलायचे आहे ते मात्र दुसरे. ते परभणी जिल्ह्यातले. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर परभणीच्या अलीकडे हे लहानसे स्टेशन लागते. भोवताली काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. सरकारी कागद उर्दूत निघे. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. म्हणजे असे की, येथल्या आजोबा-पणजोबांना सरकारी कागद आला की तो वाचून घेण्यासाठी दुसऱ्या कुणाचे तरी दार ठोठवावे लागे. नातवाच्या हातात येणारा कागद मराठीत असतो. नातू पदवीधरही असतो. आणि तरीदेखील तो कागद घेऊन दुसऱ्याकडेच जातो! बाजारातल्या संगणकाच्या दुकानात बसलेला मुलगा त्याचा अर्ज भरून देतो, शुल्क भरतो, प्रवेशपत्र छापून देतो. कागदावर लिहिले काय आहे, हे दोघांपैकी एकानेही पुरते वाचलेले नसते.

नोकरभरतीच्या स्पर्धा परीक्षा आणि त्या परीक्षांच्या सूचना, हा आजचा विषय. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला जरा कोरडा वाटेल खरा. परंतु ज्या घरात वीस ते तीस वयाचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरात या विषयाइतका ओला विषय दुसरा नाही, हे मी वाचकांना निराळे सांगायला नको.

एका वर्तुळाची किंमत

पेडगावसारख्या गावातला एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. परभणीला येऊन-जाऊन त्याने पदवी घेतली. मग पुण्याला गेला. सदाशिव पेठेत चौघांत मिळून एक खोली, दोन वेळची मेस, अभ्यासिकेतली एक खुर्ची. घरून दरमहा पैसे येतात. ज्या वर्षी पाऊस नीट पडत नाही त्या वर्षी ते कोठून येतात हे तो विचारीत नाही आणि वडील सांगत नाहीत. अशी तीन-चार वर्षे जातात. मग तो दिवस उजाडतो. शंभर प्रश्न, दोनशे गुण, दोन तास; म्हणजे एका प्रश्नाला बहात्तर सेकंद. उत्तरे बरी येतात. बाहेर येऊन तो घरी फोनही करतो, “आई, पेपर चांगला गेला.”

आणि आपल्या प्रश्नपुस्तिकेचा संच कोणता, हे दाखविणारे वर्तुळ काळे करायचे त्याच्याकडून राहून गेलेले असते.

प्रश्नपुस्तिका निरनिराळ्या संचांत छापतात. प्रश्न बहुधा तेच, क्रम मात्र वेगळा. शेजाऱ्याचे पाहून लिहिता येऊ नये यासाठीची ही योजना. आता उत्तरपत्रिका तपासणार यंत्र. त्याला कोणत्या संचाची उत्तरतालिका लावायची हे त्या एका वर्तुळावरून कळायचे. ते वर्तुळच कोरे असले तर शंभरपैकी नव्वद उत्तरे अचूक असूनही यंत्राच्या दृष्टीने ती निव्वळ काळ्या ठिपक्यांची रांगोळी! केंद्रीय लोकसेवा आयोग आपल्या सूचनांत स्पष्ट सांगतो की बैठक क्रमांक किंवा पुस्तिकेचा संच नोंदविण्यात चूक, उणीव किंवा विसंगती राहिली तर उत्तरपत्रिका बाद होऊ शकते. सूचना छापलेली असते, ठळक असते, प्रवेशपत्रावर असते. तरी दरवर्षी ही चूक करणारे निघतातच.

अशा वेळी घरातली माणसे म्हणतात, “एवढ्याशा वर्तुळासाठी पोराची चार वर्षे पाण्यात? हा कुठला न्याय?” हा उद्गार स्वाभाविक आहे. त्याची हेटाळणी करण्यात अर्थ नाही. परंतु त्याचे उत्तर शोधताना सगळ्या सूचना एका मापाने मोजून चालत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांचे तीन वर्ग पडतात.

तीन तऱ्हेच्या सूचना

पहिला वर्ग यंत्राच्या सोयीचा. कोणते पेन वापरावे, वर्तुळ कसे भरावे, क्रमांक कोठे लिहावा. यांत पुष्कळांना नुसता अडमुठेपणा दिसतो. परंतु या सूचनांच्या मागे एक इतिहास आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या रेनॉल्ड जॉन्सन नावाच्या एका शाळामास्तराने उत्तरपत्रिका तपासण्याचे यंत्र कल्पिले आणि १९३८ साली आय.बी.एम. कंपनीने ते बाजारात आणले. त्या यंत्राला दिसत नसे. त्याला फक्त वीज कळे. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते. म्हणून जेथे पेन्सिलीची खूण तेथे प्रवाह, आणि जेथे प्रवाह तेथे उत्तर. त्या काळी शाई वापरणारा नापास, पेन्सिल वापरणारा पास! पुढे प्रकाशाच्या साहाय्याने खुणा वाचणारी यंत्रे आली आणि पेन्सिलीची गरज सरली. आपल्याकडे तर आता काळे बॉलपेनच हवे, पेन्सिल नको, असा उलटा नियम झाला. कारण पेन्सिलीची खूण खोडून मागाहून कोणी दुसरी करू शकतो. नियम उलटा झाला, पण पूर्वीच्या नियमाला कारण होते तसे याही नियमाला आहे. उमेदवाराला ते कारण ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. नियम ठाऊक असला पाहिजे.

दुसरा वर्ग सचोटीचा. उत्तरपत्रिकेत नाव लिहू नका, ओळख पटेल अशी खूण करू नका, पत्रलेखनाच्या प्रश्नात स्वतःची सही ठोकू नका. तपासणाऱ्याला समोरची वही कोणाची आहे हे कळता कामा नये, एवढाच यातला मतलब. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने आता राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक पद्धतीची केली आहे, त्यामुळे या वर्गातल्या सूचनांचे महत्त्व अधिकच वाढले. वर्तुळे काळी करण्याची सवय लागलेल्या हाताला आता पानेच्या पाने लिहायची आहेत, आणि त्या पानांवर स्वतःला कोठेही उमटू द्यायचे नाही.

तिसरा वर्ग खऱ्या माहितीचा. जन्मतारीख, शिक्षण, प्रवर्ग, नाव. वय कोणत्या तारखेला मोजायचे, प्रमाणपत्र कोणत्या नमुन्यातले, कोणत्या तारखेपर्यंतचे हवे, हे जाहिरातीत लिहिलेले असते. आपल्या समाजात एका माणसाची नावे तरी किती! शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारपत्रावर शेवटी. मुलीचे लग्न झाले की वडिलांचे नाव जाऊन नवऱ्याचे येते, आणि पदवीपत्रावर मात्र माहेरचेच राहते. घरात हे सगळ्यांना कळते. कचेरीतल्या माणसाला मात्र हे दोन निराळे इसम वाटले तर त्याला दोष कसा द्यावा?

न्यायालयाची तराजू

या सूचना मोडल्यामुळे बाद झालेले उमेदवार न्यायालयात जातात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत काय म्हटले, ते प्रत्येक उमेदवाराच्या घरी माहीत असावे.

कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या एका परीक्षेत काही उमेदवारांनी आपला क्रमांक नेमून दिलेल्या जागेखेरीज उत्तरपुस्तिकेत इतरत्रही लिहिला. तसे करू नये अशी सूचना होती. आयोगाने त्या पुस्तिका तपासल्याच नाहीत. उमेदवार प्रशासकीय न्यायाधिकरणात गेले आणि तेथे त्यांच्या बाजूने निकाल झाला. परंतु १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचेच म्हणणे उचलून धरले. घाईत झाले असेल, मनात पाप नसेलही. परंतु अशा स्पर्धेत ओळख फुटण्याची वाट मोकळी ठेवली तर परीक्षेवरचा विश्वासच उडेल, असा त्या निर्णयाचा रोख आहे.

तमिळनाडूत दिवाणी न्यायाधीशाच्या पदासाठी परीक्षा देणाऱ्या एका उमेदवाराने कायद्याच्या उत्तरपत्रिकेत पेन्सिलीने खुणा केल्या. पेन्सिल वापरू नये असा नियम होता. उच्च न्यायालयाला दया आली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. आयोगाच्या सूचना बंधनकारक आहेत आणि त्या काटेकोरपणे पाळल्याच पाहिजेत. एकाची अडचण पाहून नियम वाकविला तर तो सगळ्यांसाठी वाकतो, असे न्यायालयाचे म्हणणे. ज्याला उद्या न्यायासनावर बसून दुसऱ्यांना नियम सांगायचे, त्याच्याच बाबतीत हे घडावे, यातला योगायोग वाचकांच्या लक्षात येईलच.

२०२२ साली रेल्वे सुरक्षा दलातील शिपायाच्या भरतीचे असेच एक प्रकरण आले. उमेदवाराने अर्ज एका भाषेत भरला आणि उत्तरपत्रिकेवर दुसरी भाषा वापरली. दोन्हीकडे भाषा एकच असावी अशी सूचना होती. अर्ज भरणारा आणि परीक्षेला बसणारा माणूस एकच आहे, हे हस्ताक्षरावरून पडताळता यावे, हा त्यामागचा विचार. तेथेही न्यायालयाने सूचनेच्या बाजूनेच कौल दिला.

हे वाचून कोणी म्हणेल, न्यायालय पाषाणहृदयी आहे. तसे नाही. पारड्याची दुसरी बाजूही पाहावी. बिहारमधील एका खेड्यातल्या मुलाने पोलीस शिपायाच्या जागेसाठी अर्ज केला. अर्ज भरला संगणकाच्या दुकानात, दुसऱ्याच्या हाताने. जन्मतारीख अठरा डिसेंबर. अर्जात पडली आठ डिसेंबर. एक आकडा गळाला. लेखी परीक्षा उत्तीर्ण, शारीरिक चाचणी उत्तीर्ण, आणि तारीख जुळत नाही म्हणून नापास! पाटण्याच्या उच्च न्यायालयात दोनदा दाद लागली नाही. २ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. आठ तारीख धरली काय आणि अठरा धरली काय, वयाच्या अटीत तो दोन्ही प्रकारे बसत होता. या चुकीपासून त्याला कसलाही लाभ नव्हता, दुसऱ्या कोणाची हानी नव्हती, खरे प्रमाणपत्र त्याने स्वतःच हजर केले होते. क्षुल्लक चुकीसाठी एवढी शिक्षा नको, असे न्यायालयाने म्हटले.

दोन्हीकडचे निर्णय शेजारी शेजारी ठेवले की तराजू नीट दिसते. ज्या चुकीमुळे परीक्षेची निःपक्षपातीपणाची भिंतच पोखरली जाऊ शकते, तेथे हेतू पाहिला जात नाही. ज्या चुकीने कोणाचे काही बिघडत नाही आणि खरे काय ते दुसऱ्या कागदावरून सिद्ध होते, तेथे माणूस पाहिला जातो. परंतु उमेदवाराने लक्षात ठेवायचे ते निराळेच. बिहारच्या त्या मुलाला न्याय मिळाला खरा. पण तो मिळवायला त्याला तीन ठिकाणचे निकाल ऐकावे लागले. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायची ताकद कितीजणांत असते? एक आकडा पुन्हा पाहायला मात्र अर्धे मिनिट लागते.

“सोळावे लागले”

जन्मतारखेचा हा घोळ आजचा नाही. आपल्या सनदी नोकरीच्या इतिहासात तो अगदी आरंभीच भेटतो आणि त्यात एक मराठी माणूसही आहे.

१८५३ च्या कायद्याने हिंदुस्थानच्या सनदी नोकरीची दारे स्पर्धेला खुली झाली आणि १८५५ साली लंडनमध्ये पहिली परीक्षा झाली. १८६९ च्या परीक्षेत चौघे हिंदी तरुण एकदम उत्तीर्ण झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, आणि मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. आनंदीआनंद झाला. परंतु लवकरच परीक्षा घेणाऱ्या कमिशनरांनी बॅनर्जी आणि ठाकूर या दोघांची नावे यादीतून काढून टाकली. कारण वय! बॅनर्जींनी मॅट्रिकच्या वेळी वय सोळा लिहिले होते. त्या हिशेबाने १८६९ मध्ये ते एकवीसची मर्यादा ओलांडून गेले होते.

प्रत्यक्षात त्यांनी खोटे काहीच सांगितले नव्हते. आपल्याकडे वय सांगायची रीत चालू वर्षाची. “त्याला सोळावे लागले” असे आपण म्हणतो तेव्हा त्याची पंधरा पुरी झालेली असतात. इंग्रज पुरी झालेली वर्षे मोजतो, आपण चालू वर्ष मोजतो. बॅनर्जींनी लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयात धाव घेतली. तेथे वारे कोणत्या दिशेने वाहत आहे हे पाहून कमिशनर नमले आणि दोघांचीही नावे पुन्हा यादीत आली.

या हकीकतीतून दोन धडे निघतात आणि दोन्ही तितकेच महत्त्वाचे आहेत. उमेदवाराला धडा असा की, रकान्यात जे विचारले आहे त्याचा विचारणाऱ्याच्या रीतीने अर्थ लावावा, आपल्या घरच्या रीतीने नव्हे. आणि विचारणाऱ्याला धडा असा की, ज्याला विचारायचे त्याची रीत समजून घेऊन प्रश्न करावा. “वय किती?” याऐवजी “अमुक तारखेला किती वर्षे पुरी झाली?” असे विचारले असते तर क्वीन्स बेंचपर्यंत जायची पाळीच आली नसती.

याच परीक्षेचा आणखी एक दाखला देतो. अरविंद घोष १८९० साली ही परीक्षा वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. परंतु दोन वर्षांच्या उमेदवारीनंतर घोड्यावर बसण्याची परीक्षा द्यावयाची होती, तिला ते हजरच झाले नाहीत आणि १८९२ साली त्यांना नाकारण्यात आले. लॅटिन-ग्रीकमधल्या विद्वानाला घोड्यासाठी नाकारावे, हे आज हास्यास्पद वाटते. परंतु त्या काळी जिल्ह्याचा कारभार घोड्यावरूनच चालायचा. अरविंदांना त्या नोकरीची ओढ नव्हती. घोड्यावर बसायचे होते हे ठाऊक नव्हते, अशी सबब त्यांनी पुढे केली नाही. ते पुढल्याच वर्षी बडोद्यास आले आणि त्यांचे आयुष्य निराळ्या वाटेने गेले. नियम मान्य नसेल तर तो उघड नाकारून परिणाम सोसावा, ही एक तऱ्हा. वाचलेच नव्हते असे म्हणून वेड पांघरावे, ही दुसरी. पहिलीला मान आहे.

मराठी वाचता येते का?

मी महाविद्यालयात मराठी शिकवितो. तेव्हा या प्रश्नाचा जो भाग आमच्या वाट्याला येतो तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

दरवर्षी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासताना एक गोष्ट हमखास आढळते. प्रश्नावर लिहिलेले असते, “खालीलपैकी कोणत्याही दोहोंवर टिपा लिहा.” विद्यार्थी चारही टिपा लिहितो, आणि शेवटच्या प्रश्नाला वेळ पुरला नाही म्हणून हळहळतो. “शंभर शब्दांत” म्हटले की चार पाने भरतो. कवितेतले अलंकार त्याला ओळखता येतात; पण “वगळता”, “खेरीज”, “यथास्थिती”, “किंवा” आणि “व” या शब्दांवर तो ठेच खातो. “पुढीलपैकी कोणते विधान अचूक नाही?” या प्रश्नातला “नाही” त्याच्या नजरेतून निसटतो. वाचणे म्हणजे धडा वाचणे, अशी समजूत आम्हीच त्याला करून दिली. रेल्वेचे वेळापत्रक, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, विम्याचा कागद, परीक्षेच्या सूचना हेही वाचनच आहे, हे आम्ही शिकविले नाही.

आणि सूचना लिहिणाऱ्यांचे काय? महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, १९६० साली, भाषा संचालनालय निघाले. १९६२ साली पदनाम कोश आला. त्याची “बदनाम कोश” म्हणून थट्टाही झाली. १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला. हा सारा उद्योग मोलाचा होता. निजामी अमलात ज्यांच्या वडिलांनी परक्या भाषेतले कागद उलटसुलट करून पाहिले, त्यांना तर तो विशेषच मोलाचा. परंतु कागद मराठीत आला म्हणजे तो कळेल असा आला, असे होत नाही. “विहित अर्हता धारण करीत असल्याबाबतचा सक्षम प्राधिकाऱ्याने निर्गमित केलेला वैध दाखला” असे एखादे वाक्य पेडगावच्या पोराने वाचले तर तो दचकतो. “पदवी पुरी झाल्याचा, विद्यापीठाने दिलेला दाखला” म्हटले असते तर? “उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र” हे तर इतके लांब की लोकांनी त्याला “नॉन-क्रिमी लेयर” असे सुटसुटीत इंग्रजी नाव ठेवून टाकले! त्या प्रमाणपत्राला मुदत असते, ही गोष्ट मात्र त्या लांबलचक नावाच्या मागे झाकून जाते आणि ऐन कागदपत्र-तपासणीच्या दिवशी बाहेर येते.

सूचना पाळण्याची जबाबदारी उमेदवाराची. ती कळेल अशी लिहिण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची. एका हाताने टाळी वाजत नाही.

शिस्त दोन्हीकडून

टाळीवरून आणखी एक गोष्ट आठवली. उमेदवाराने दहा मिनिटे उशीर केला की फाटक बंद. हे योग्यच आहे. परंतु परीक्षा घेणाऱ्यांनी तारीख मोडली तर? २०२१ हे साल महाराष्ट्रातल्या उमेदवारांच्या कायमचे लक्षात राहील. १४ मार्चची राज्यसेवा पूर्वपरीक्षा अगदी दोन-तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली गेली. पुण्यात मुले रस्त्यावर उतरली आणि मग ती २१ मार्चला झाली. सप्टेंबरात आरोग्य खात्याच्या भरतीची परीक्षा आदल्या दिवशी पुढे गेली. पुढे त्या भरतीत प्रश्नपत्रिका फुटल्याचे उघड झाले. डिसेंबरात म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री रद्द झाली. गावाहून एस.टी.ने निघालेली मुले केंद्राच्या गावी पोहोचतात तो ही बातमी! त्यांच्या भाड्याचे, रात्रीच्या मुक्कामाचे, आणि त्यापेक्षाही मनाच्या उभारीचे काय?

प्रश्नपत्रिका फोडणाऱ्या टोळ्यांसाठी २०२४ साली केंद्राचा नवा कायदा आला. चांगले झाले. परंतु येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. फोडलेली प्रश्नपत्रिका विकत घेणारा आणि वर्तुळ काळे करायला विसरणारा हे दोघे एका माळेचे मणी नव्हेत. पहिला गुन्हेगार आहे. दुसरा निष्काळजी आहे, किंवा नुसता घाबरलेला आहे. निष्काळजीपणाची फळे भोगावी लागतात, तो व्यवहाराचा नियम आहे. परंतु ती भोगणाऱ्याकडे घरच्यांनी गुन्हेगार म्हणून पाहू नये.

आणि परीक्षा घेणारे चुकतात म्हणून आम्हीही चुकू, हा युक्तिवादही करू नये. बस उशिरा येते म्हणून आपण उशिरा निघालो तर नेमकी त्याच दिवशी ती वेळेवर सुटते.

एक साधा उपाय

वाचकांपैकी बहुतेक शहरांत राहणारे. तुमच्या मुलांना मार्गदर्शन आहे, घरात संगणक आहे, शेजारी एखादे निवृत्त अधिकारी आहेत. पेडगावच्या मुलाकडे यांतले काही नसेल. सूचना मात्र दोघांनाही तीच आणि तितकीच कडक. म्हणूनच ती पाळण्याचा उपाय असा हवा की ज्याला पैसा लागत नाही आणि विद्वत्ताही लागत नाही.

छापखान्यात मुद्रिते तपासण्याची एक जुनी रीत होती. एकजण मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचा आणि दुसरा छापलेल्या मुद्रितावरून बोट फिरवीत जायचा. कारण स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही. डोळा जे असायला हवे तेच वाचतो. हीच रीत घरात आणावी. अर्ज पाठविण्यापूर्वी मुलाने शाळेचा दाखला हातात घेऊन मोठ्याने वाचावे, “नाव अमुक, जन्मतारीख अमुक,” आणि आईने, वडिलांनी, बहिणीने, जे कोणी समोर असेल त्याने, भरलेल्या अर्जावर बोट ठेवीत जावे. दुकानात अर्ज भरला तर तेथेच, शेवटची कळ दाबण्यापूर्वी. भरून देणाऱ्याचा हात असला तरी खाली जबाबदारी आपल्या नावाची असते.

प्रवेशपत्र आले की तेही असेच वाचावे, परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे, आले त्याच दिवशी. केंद्र कोठे, फाटक किती वाजता बंद होणार, मूळ ओळखपत्र कोणते चालते, त्यावरचे नाव आणि प्रवेशपत्रावरचे नाव जुळते का, पेन कोणते. आणि परीक्षेच्या खोलीत गेल्यावर एक नेम ठेवावा: पहिला प्रश्न वाचण्यापूर्वी क्रमांक व संच यांची वर्तुळे भरून त्यांवर पुन्हा एकदा नजर फिरवावी. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत चार चुकीची उत्तरे एका बरोबर उत्तराचे गुण खातात. ते गणित सगळ्या मुलांना तोंडपाठ असते. एक न भरलेले वर्तुळ शंभरही उत्तरे खाते, हे गणितही त्याच्या शेजारी मांडून ठेवावे.

पुष्कळ आईबाप मला म्हणतात, “सर, आम्हाला त्यांच्या अभ्यासातले काही कळत नाही हो. राज्यघटना काय, अर्थशास्त्र काय, आम्ही काय मदत करणार?” त्यांना मी हेच सांगतो. राज्यघटनेतली कलमे मुलगा पाठ करील. तुम्ही समोर बसा, चष्मा लावा आणि प्रवेशपत्रावरच्या सूचना त्याला एकेक करून वाचून दाखवा. जी सूचना तुम्हाला कळली नाही ती त्याला विचारा. त्याला सांगता आली तर त्याने वाचली आहे. त्याला सांगता आली नाही, तर त्या रात्री तुम्ही त्याच्या चार वर्षांच्या अभ्यासाइतकीच मोठी मदत केलीत.